कोयनेची भेग

मराठीत भेगेला किती शब्द आहेत हे मी मराठी शिकवायला लागल्यावर मोजायला घेतले. जमिनीला आणि टाचेला पडते ती भेग. भिंतीला, आरशाला आणि मैत्रीला जातो तो तडा. लाकडाला पडते ती चीर, दाराच्या दोन फळ्यांत राहते ती फट. काच टिचते. उर्दूत दराड आहे, शिगाफ आहे, दर्ज आहे. पण या सगळ्यांत मला आवडतो तो ‘बाल’. चिनी मातीच्या कपाला केसाएवढी बारीक रेघ गेली की उर्दूत म्हणतात, प्याल्यात बाल आला. चहा गळत नाही, कप फुटलेला दिसत नाही, तरी घरातली मोठी बाई तो कप पाहुण्यांसमोर ठेवत नाही. तो कप कधीतरी गरम चहाने हातातच दोन होणार, हे तिला ठाऊक असते.

आज ज्या भेगेचा इतिहास सांगायचा आहे ती कपातली नाही. ती 103 मीटर उंच धरणातली आहे. ते धरण नाशिकपासून दूर, सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात आहे. पण अशा गोष्टींचे कागद शेवटी आमच्या गावात येतात. दिंडोरी रोडवर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, 1959 साली स्थापन झालेली. गावात तिला सगळे ‘मेरी’ म्हणतात. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना या नावाची फार गंमत वाटते. रिक्षावाल्याला ‘मेरी’ म्हटले की वर्गात कोणीतरी ‘मेरी नहीं, तेरी’ म्हणणारच. धरणांची माती, काँक्रीट आणि भूकंपाच्या नोंदी तपासणारी ही संस्था आहे, हे त्यांना सांगितले तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मॅडम, धरण कधी तुटते का?

उत्तर देण्यासाठी 11 डिसेंबर 1967 या तारखेला जावे लागते.

त्या दिवशी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला. तीव्रता 6.3 च्या आसपास. सुमारे 180 माणसे गेली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली, कोयनानगरमधली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धक्के मुंबई-पुण्यापर्यंत जाणवले. कोयनेची वीज बंद पडली आणि मुंबईचे कारखाने थांबले. या सगळ्याच्या वर, दरीच्या तोंडाशी, कोयना धरण उभे होते आणि पाण्याची पातळी पायथ्यापासून जवळजवळ 92 मीटर होती. पानशेत फुटून फक्त सहा वर्षे झाली होती. 12 जुलै 1961 ला पानशेत आणि त्यापाठोपाठ खडकवासला गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, ही आठवण सगळ्या महाराष्ट्राच्या अंगात ताजी होती. पानशेत मातीचे होते, कोयना दगडी काँक्रीटचे. पण पाण्याखाली राहणाऱ्या माणसाला हा फरक पहाटे साडेचारला सुचत नाही.

उजाडल्यावर इंजिनिअरांनी पाहिले तेव्हा धरण उभे होते. मात्र त्याला भेगा गेल्या होत्या. धरण सलग एकसंध भिंत नसते. ते शेजारी शेजारी उभ्या केलेल्या जाड ठोकळ्यांचे असते. कोयनेच्या मधल्या सांडव्याच्या भागाला फारसे काही झाले नव्हते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या, ज्यांवरून पाणी जात नाही अशा उंच ठोकळ्यांवर आडव्या भेगा होत्या, पाण्याच्या बाजूनेही आणि कोरड्या बाजूनेही. आणि दोन्ही बाजूंच्या भेगा साधारण एकाच उंचीवर होत्या. काही ठिकाणी कोरड्या बाजूने पाणी पाझरताना दिसले. पाझर दिसला याचा अर्थ पाण्याला पलीकडून अलीकडे यायला कुठेतरी वाट मिळाली होती.

एकाच उंचीवर का? ही या इतिहासातली खरी गोष्ट आहे.

धरणाचा छेद डोळ्यांसमोर आणा. पायथ्याशी जाडी 70 मीटर. माथ्याशी जेमतेम 15. कोरडी बाजू खालून वर उतार घेत येते, आणि पायथ्यापासून 66.5 मीटरवर तो उतार एकदम बदलतो. तिथे धरण 19 मीटरांच्या आसपास उरते आणि पुढे माथ्यापर्यंत जवळजवळ सरळ उभे जाते. माणसाच्या आकृतीत जशी खांद्यांवर मान, तसे. इंग्रजीतही इंजिनिअर त्या जागेला मानच म्हणतात. ही मान मुळात अशी ठरली नव्हती. धरण टप्प्याटप्प्याने बांधायचे होते. काम सुरू असताना ते एकदमच पूर्ण उंचीला न्यायचे ठरले आणि खालचा भाग तोवर बांधून झाला होता. वरचा भाग त्यावर बसवताना छेदाला तो कोपरा आला. कागदावर काही चुकले नव्हते. पाण्याचा दाब, स्वतःचे वजन, सगळे हिशेब जुळत होते. भूकंपासाठीही थोडी तरतूद होती: धरणाच्या वजनाच्या पाच टक्के एवढे आडवे बल, खालपासून वरपर्यंत सारखेच धरून. दख्खनचे पठार तेव्हा भूकंपाच्या बाबतीत झोपलेले समजले जाई, त्यामुळे एवढे पुरे वाटले.

प्रत्यक्षात त्या पहाटे धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने नोंदवलेला आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा होता: धरणाच्या आडव्या दिशेला 0.49 पट, लांबीच्या दिशेला 0.63 पट. हिशेबात धरलेल्या आकड्याच्या शेजारी हे आकडे ठेवून पाहा. आणि हिसका सारखाच लागतो हे गृहीतही खोटे ठरले. उंच वस्तू हलते तेव्हा तिचा माथा सगळ्यात जास्त झुलतो. ताडाचे झाड पाहिलेल्याला हे सांगावे लागत नाही. धरण कोरड्या बाजूला झुकले की पाण्याकडची बाजू ताणली जाते, पाण्याकडे झुकले की कोरडी बाजू ताणली जाते. काँक्रीट दाबाला फार मजबूत, पण ताणाला अगदी कच्चे. खाली पायथ्याशी वरच्या सगळ्या वजनाचा दाब असतो, त्यामुळे थोडा ताण आला तरी तो दाबात जिरतो. मानेवर वजन कमी, जाडी कमी आणि तिथेच कोपरा.

कोपऱ्याला एवढे महत्त्व का, हे समजायला थोडे बाहेर जाऊन यावे लागेल. 1913 मध्ये इंग्लिस नावाच्या इंग्रज इंजिनिअरने एक हिशेब मांडला. पत्र्याला लांबट भोक असेल आणि तो पत्रा भोकाच्या आडव्या दिशेने ओढला, तर भोकाच्या टोकाशी ताण साठतो. भोक रुंदीच्या दहापट लांब असेल तर टोकाशी ताण एकवीस पट होतो. भोक जितके अणकुचीदार तितके वाईट. यावर लगेच प्रश्न येतो: मग केसासारख्या भेगेच्या टोकाशी ताण अनंत व्हायला हवा, आणि जगातली प्रत्येक वस्तू हात लावताच फुटायला हवी. तसे होत नाही. या कोड्याचे उत्तर ग्रिफिथ या तरुण इंग्रजाने 1920-21 मध्ये दिले. तो विमानांच्या सरकारी संशोधन केंद्रात काचेच्या बारीक तंतूंवर प्रयोग करत होता. त्याचे म्हणणे असे: भेग वाढायची म्हणजे दोन नवे पृष्ठभाग तयार व्हायला हवेत आणि त्याला ऊर्जा लागते. ती ऊर्जा वस्तूत साठलेला ताण मोकळा होण्यातून येते. भेग आखूड असेपर्यंत खर्च जास्त, मिळकत कमी. भेग आहे तिथेच राहते. एका ठराविक लांबीनंतर मिळकत खर्चापेक्षा जास्त होते आणि मग भेग कोणाचे ऐकत नाही. चिनी मातीच्या कपातला ‘बाल’ वर्षभर तसाच राहतो आणि एके दिवशी कप दोन होतो, तो यामुळे. थोडक्यात, वस्तूची ताकद तिच्या जाडीवर जेवढी ठरते त्याहून जास्त ती तिच्यात आधीपासून असलेल्या सगळ्यात मोठ्या भेगेवर ठरते.

हे पुस्तकातले वाटेल, पण याच वर्षांतला एक दाखला आपल्या देशातला आहे. ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना हिंदुस्थानच्या पावसाळ्यात आपोआप भेगा जात. कोणी झाडली नाहीत, कोणी आपटली नाहीत, कोठारात ठेवलेली काडतुसे चिरत. पावसाळ्यात होते म्हणून त्याला ऋतूची भेग असे नावच पडले. 1921 मध्ये मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा उलगडा केला. थंड पितळ ओढून काडतूस बनवताना धातूत ताण कोंडून राहतो, आणि पावसाळी दमट हवेत तबेल्यांकडून येणाऱ्या अमोनियाने तो धातू टोकाटोकाने पोखरला जातो. उपाय साधा निघाला: काडतूस हलके तापवायचे, म्हणजे कोंडलेला ताण सुटतो. मी हे वाचले तेव्हा मला हसू आले. आमचे नाना जुन्या नाशकात कल्हई करायचे, तांबट लेनमधल्या ठोक्यांच्या आवाजात त्यांचे आयुष्य गेले. भांडे ठोकता ठोकता तांबट ते पुन्हा भट्टीत का घालतो, असे मी लहानपणी विचारले होते. नाना म्हणाले होते, ठोकून ठोकून ते रागावते, त्याला शांत करावे लागते, नाहीतर काठाला चिरते. आणि कल्हईला आलेले भांडे ते आधी बोटाने वाजवून बघत. चांगले भांडे ठणकते. भेग असलेले भद्द बोलते. मडके घेताना आपण सगळेच हे करतो.

पण नुसती एक भेग समजून कोयना कळत नाही. तिथे भेगा अनेक होत्या. भेगा एकमेकींच्या शेजारी आल्या की त्या एकट्या असताना वागतात तशा वागत नाहीत.

यातला पहिला नियम वडार लोकांना ग्रिफिथच्या कितीतरी आधी माहीत होता. मोठा काळा दगड फोडायचा तर त्यावर एका ओळीत छिद्रे पाडायची, प्रत्येकात लोखंडी पाचर बसवायची आणि घणाने एकेका पाचरेवर क्रमाने थोडे थोडे ठोके द्यायचे. एकाच पाचरेवर सगळी ताकद लावली तर दगड वाटेल तिथे तडकतो. सगळ्यांना सारखे ठोके मिळाले की प्रत्येक छिद्रातून निघालेली बारीक भेग शेजारच्या छिद्राच्या भेगेकडे धावते आणि दगड सरळ रेषेत उलगडतो. एका ओळीत असलेल्या भेगा एकमेकींना मदत करतात. दोघींच्या मधे जो दगडाचा पूल उरतो त्यावर दोघींचा भार येतो. आमच्या काळाराम मंदिराचे दगड, जे रामशेजच्या खाणींतून आले, ते याच कसबाने निघालेले असणार. अशा घडवलेल्या दगडाला मराठीत चिरा म्हणतात. चिरणे आणि चिरा यांचे नाते उघड दिसते. ज्या चिरेबंदी वाड्याला आपण मजबुतीची उपमा देतो त्याचा प्रत्येक दगड भेगेतून जन्मला आहे, हे वर्गात सांगितले की मुले एकदम गप्प होतात.

दुसरा नियम उलटा आहे. भेगा एकीखाली एक, समांतर असतील तर त्या एकमेकींना सावली देतात. एकीने ताण सोडवला की शेजारणीला वाढायला काही उरत नाही. गाळ वाळताना सुरुवातीला पुष्कळ भेगा निघतात, पण खोल जाता जाता त्यातल्या मोजक्याच पुढे जातात, बाकीच्या मधेच थांबतात. लाव्ह्याचेही तसेच. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर तिथले उभे बहुकोनी खांब आठवा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होऊन आकसताना पडलेल्या भेगांनी ते कापले आहेत. पृष्ठभागावर नवी भेग जुन्या भेगेला काटकोनात येऊन मिळते, मातीत मिळते तशीच. पण भेगा थराथराने खोल उतरत जातात तसे ते काटकोन हळूहळू सरकतात आणि तीन भेगा सारख्या कोनात भेटू लागतात, म्हणून षटकोन. नाशिक जिल्ह्यातले विहिरीचे पाणीही बरेचसे अशाच भेगांतले असते. आपला काळा दगड स्वतः पाणी धरत नाही, त्याच्या भेगा धरतात.

तिसरा नियम घरी करून बघण्यासारखा आहे. प्लॅस्टिकच्या पातळ कागदाला दोन्ही कडांनी, थोड्या वेगळ्या उंचीवर, दोन छोट्या चिरा द्या आणि ओढा. दोन्ही चिरा मधे येतात, पण टोकाला टोक भिडवत नाहीत. आधी किंचित एकमेकींपासून दूर वळतात, टोके एकमेकींना ओलांडून जातात आणि मग आकड्यासारख्या वळून एकमेकींच्या अंगाला भिडतात. माणसांची समेटाची पद्धतही काहीशी अशीच असते, पण तो विषय दुसऱ्या लेखाचा.

आता परत मानेवर येऊ. धरण झुलत होते. एका झोक्यात पाण्याकडची भेग उघडत होती आणि कोरड्या बाजूची मिटत होती, पुढच्या झोक्यात उलटे. दोन भेगा, एकाच उंचीवर, एकमेकींच्या दिशेने निघालेल्या, मधे काँक्रीटचा पूल. प्रत्येक झोक्याला तो पूल आखूड होत होता. भूकंपाचा जोरदार भाग काही सेकंदांचाच होता. तो आणखी चालला असता तर काय झाले असते, हा प्रश्न तेव्हापासून आजवर जगभरचे इंजिनिअर विचारत आले आहेत. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी 1973 मध्ये त्या हिसक्याचा आलेख घेऊन संगणकावर हिशेब केला. ताण नेमका मानेवर, आणि काँक्रीट सोसू शकेल त्याच्या बराच पुढे गेलेला निघाला. भेगा जिथे पडायला हव्या होत्या तिथेच पडल्या होत्या. त्याचबरोबर त्यांनी हेही दाखवले की सगळा दोष कोयनेच्या विचित्र छेदाला देऊन सुटता येणार नाही. नेहमीच्या आकाराच्या धरणालाही अशा हिसक्यात भेगा गेल्या असत्या. चूक एका धरणाच्या नकाशात शोधणे सोपे होते. ती धरणे मोजण्याच्या सगळ्या पद्धतीतच होती, हे मान्य करणे इंजिनिअरांना जड गेले असणार, पण त्यांनी ते केले. खालपासून वर सारखेच बल धरण्याची जुनी रीत यानंतर टिकली नाही.

कोपरा आणि भेग यांची गाठ जगाने याआधीही पाहिली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जहाजे रिव्हेट न मारता वेल्डिंगने जोडायला घेतली. 16 जानेवारी 1943 ला स्केनेक्टॅडी नावाचे नवे तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्यावर शांत पाण्यात उभे असताना मोठा आवाज होऊन मधोमध तुटले. लिबर्टी जहाजांच्या अनेक भेगा मालाच्या तोंडांच्या चौकोनी कोपऱ्यांतून निघाल्या. रिव्हेटच्या जहाजात भेग एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबायची, वेल्डिंगने सगळे पत्रे एक केल्यावर तिला थांबायला जागाच उरली नाही. सगळे एकजीव केले म्हणजे मजबूत झाले, असे नसते. कोयनेचे ठोकळे वेगवेगळे होते, ही एका अर्थी कृपाच म्हणायची.

काँक्रीटच्या भेगेचे नीट शास्त्र मात्र कोयनेनंतर उभे राहिले. काच एका तीक्ष्ण टोकाने फुटते. काँक्रीटमधल्या भेगेच्या पुढे बारीक भेगांचा एक धुरकट पट्टा चालतो. खडीच्या दाण्यांभोवती केसासारख्या शेकडो चिरा आधी उघडतात, काही सावलीत थांबतात, काही जोडल्या जातात, आणि त्या जोडणीतून मोठी भेग पुढे सरकते. स्वीडनमध्ये हिलरबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये हा पट्टा हिशेबात घ्यायची रीत दिली. नव्या रीतीची परीक्षा घ्यायला खरा भूकंप, खरा आलेख आणि खऱ्या भेगा एकत्र असलेले उदाहरण हवे होते. तसे जगात कोयनाच होते. म्हणून आज इंजिनिअरिंगच्या संगणकीय कार्यक्रमांच्या माहितीपुस्तकांत कोयना धरण नमुना म्हणून असते, आणि ज्यांनी पाटण तालुका नकाशातही पाहिलेला नाही असे विद्यार्थी दूरदेशी बसून 103 मीटर, 66.5 मीटर, 91.75 मीटर हे आकडे भरतात आणि पडद्यावर मानेतून भेग निघताना बघतात. ती कोरड्या बाजूच्या कोपऱ्यातून निघते, आधी आडवी जाते, मग खाली झुकते.

इकडे खऱ्या धरणावर दुरुस्ती सुरू झाली होती. भेगांत एपॉक्सी भरले. उंच ठोकळे पोलादी केबलांनी ताणून खाली बांधले. हे तात्पुरते. मग कोरड्या बाजूने काँक्रीटचे जाड टेकू उभे केले, म्हणजे मानच जाड केली. सांडव्याच्या भागाला बळकटी मिळायला 2000 नंतरचे दशक उजाडले. आज कोयनेला गेलात तर बाजूच्या ठोकळ्यांना पाठीमागून लागलेले ते टेकू दिसतात. बहुतेक पर्यटकांना ते मूळ नकाशातलेच वाटतात.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग जमिनीखाली आहे. धरणात 1962 पासून पाणी साठू लागले आणि लवकरच आसपासच्या गावांना गडगडाट आणि छोटे हादरे जाणवू लागले. यंत्रे बसवली तेव्हा हादऱ्यांची केंद्रे जलाशयाच्या आसपासच निघाली. 13 सप्टेंबर 1967 ला पाचच्या वरचा धक्का आला, आणि तीन महिन्यांनी तो मोठा. हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आयुष्य घालवून ही जोडणी तपासली. आज कोयनेचा भूकंप हा जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपांतला सगळ्यात मोठा मानला जातो. चेतवलेला हा शब्द नीट घ्यायला हवा. भेग जमिनीत आधीपासून होती, ताणही लाखो वर्षांचा होता. पाणी वजनाने दाबते आणि भेगांतून खोल झिरपून दोन दगडी गालांच्या मधे शिरते, तेव्हा त्यांचे एकमेकांना धरून ठेवणे सैल होते. जे पुढे कधीतरी होणार होते ते आधी होते.

आणि जमिनीतल्या भेगाही एकटीदुकटीने राहत नाहीत. दक्षिणेला वारणा नदीवरच्या जलाशयात 1985 पासून पाणी साठले. 1993 नंतर हादऱ्यांची वस्ती तिकडे सरकली, डिसेंबर 1993 आणि फेब्रुवारी 1994 मध्ये पाचच्या घरातले धक्के आले. साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या या तुकड्यात पाचच्या वरचे वीसेक भूकंप झाले आहेत. एक भेग सरकली की तिचा ताण शेजारणीवर जातो, काहींना सावली मिळते, काही जवळ येतात. वडाराच्या पाचरांचाच हिशेब, फक्त ठोके ऋतूंचे: जलाशय भरतो, उतरतो, पुन्हा भरतो. हे नेमके कसे घडते ते पाहायला कराडला केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. तिने कोयनेजवळ तीन किलोमीटर खोल विंधन विवर घेतले. सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला ओळखीचा काळा दगड संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला.

किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप अनेक जण याच मालिकेत जोडतात. माणसे तिथे कितीतरी जास्त गेली, दहा हजारांच्या जवळ. मी ती गोष्ट इथे मिसळत नाही. तिथे लोकांवर कोसळल्या त्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती.

तर धरण कधी तुटते का, या प्रश्नाला मी मुलांना काय सांगते? सांगते की देशात सगळ्यात जास्त मोठी धरणे आपल्या राज्यात आहेत, दोन हजारांहून अधिक, आणि त्यांची तपासणी पाहणारी धरण सुरक्षितता संघटनाही 1980 पासून आमच्या नाशकातच आहे. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा प्रत्येक धरण बघायचे असते. आमचे गंगापूर मातीचे, त्याला वाळण्याच्या, खचण्याच्या भेगा वेगळ्या. काँक्रीटच्या धरणात गॅलरीत उतरून बॅटरीच्या उजेडात भेगेचे टोक शोधायचे, तिथे रंगाने आडवी रेघ मारायची आणि तारीख लिहायची. पुढच्या वेळी भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर फाइल उघडायची. 2021 साली देशाचा धरण सुरक्षा कायदा आला, त्यातही पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या या पाहण्या लिहिल्या आहेत. कायद्याने रेघ मारता येत नाही, ती कोणाला तरी ओल्या गॅलरीत उकिडवे बसून मारावी लागते. ज्या कार्यालयांत माणसे कमी आणि जागा रिकाम्या, तिथे ती मारली जाते का, हे विचारायचा हक्क धरणाखाली राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. गंगापूरखाली आपण सगळे राहतो.

इमारतींसाठी याहून स्वस्त एक युक्ती आहे. भेगेवर आडवी, काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवायची आणि तारीख टाकायची. भिंत हलली तर काच आधी टिचते. गेल्या वर्षी आठवीच्या मुलांनी जिन्याजवळच्या भेगेवर अशा तीन पट्ट्या लावल्या, मायक्रोस्कोपच्या काचा विज्ञानाच्या सरांकडून मागून. दोन शाबूत आहेत. मधली जुलैत टिचली. मुलांनी तिच्याखाली पेन्सिलीने तारीख लिहिली आहे, वरच्या ओळीत मराठीत आणि खाली उर्दूत.